बकुळीचे अत्तर : एका गंधाचे परीक्षण

या पानांवर आम्ही आजवर कवितासंग्रहांची, चरित्रांची, क्वचित एखाद्या नाट्यप्रयोगाची परीक्षणे लिहिली. या वेळी परीक्षणासाठी पुढ्यात आहे ते अत्तर; तेही बोटभर उंचीच्या कुपीतले. वाचकांपैकी काहींना याचे नवल वाटेल, काहींना ते अप्रस्तुतही वाटेल. परंतु ज्या कृतीत कोणीतरी निवड केलेली असते, काही ठेवलेले आणि काही गाळलेले असते, आणि जिचा परिणाम क्रमाक्रमाने उलगडत जातो, ती कृती परीक्षणास पात्र आहे असे आम्ही मानतो. अत्तराच्या बाबतीत हे सारे घडते. पुस्तकाचे पान उलटून पुन्हा वाचता येते. अत्तराचे पहिले पान उडाले की त्या दिवसापुरते ते गेलेच, एवढी एक अडचण परीक्षकाला सोसावी लागते.

कुप्या दोन आहेत. दोन्हींवर 'बकुळ' असे लिहिले आहे आणि दोन्हींवर 'शुद्ध' हाही शब्द आहे. एक मुंबईत महंमद अली मार्गावरील एका जुन्या अत्तरविक्रेत्याकडून आणलेली. दुसरी पेणच्या बाजारपेठेत, पहिलीच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्यात मिळालेली. मुंबईच्या विक्रेत्याने गंधाचे वर्णन 'लाकडी आणि मधाळ' असे केले. पेणच्या दुकानदाराने 'दिवसभर जात नाही' एवढेच सांगितले. दोघेही आपापल्या परीने खरे बोलले, हे पुढे दिसेल.

तेल कातडीला लागल्यावर कसे वागते याविषयी बोलण्याचा धर्मगुरूला थोडाफार अधिकार आहे. दरवर्षी पवित्र गुरुवारच्या सुमारास महागुरुस्वामींच्या हस्ते जी तीन तेले आशीर्वादित होतात, त्यांपैकी आजाऱ्यांचे तेल आणि दीक्षार्थींचे तेल ही दोन्ही साधी, बिनवासाची असतात. तिसऱ्या, म्हणजे क्रिझ्मा तेलात मात्र बाल्सम हा सुगंधी, राळेसारखा पदार्थ मिसळलेला असतो. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या टाळूवर ते लावताना त्याचा वास थेट आणि थोडासा औषधी येतो. तासाभराने आईवडील बाळाला घेऊन निरोप घ्यायला येतात तेव्हा त्याच टाळूचा वास बदललेला असतो. त्यात तेल असते, राळ असते, दूध असते आणि त्या बाळाचा स्वतःचा असा काही वास असतो. एकाच सकाळी चार बाळांना एकाच बाटलीतले तेल लावले, तरी चारही टाळू निरनिराळ्या वासाच्या होतात. गुरुदीक्षेच्या दिवशी आमच्या स्वतःच्या तळहातांना लावलेल्या तेलाचा वास दुसऱ्या दिवशीही बोटांच्या बेचक्यांत होता, हेही आम्हांस स्मरते.

पवित्र शास्त्रातही सुगंधी तेलाचा उल्लेख मोघम नाही. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृती मापांसह दिलेली आहे: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी बोरू २५०, तज ५०० आणि एक हिन ऑलिव्ह तेल. हे तेल एऱ्हवी कोणाच्या अंगाला लावू नये, अशी सक्त ताकीदही तिथेच आहे. ताकीद द्यावी लागली, म्हणजे लावण्याचा मोह होण्याइतके ते चांगले असले पाहिजे, असा आमचा आपला तर्क. बेथानीच्या घरी मरियेने येशूच्या पायांवर जे तेल ओतले ते जटामांसीचे होते, असे योहान सांगतो. जटामांसी ही वनस्पती हिमालयाच्या उंच उतारांवर वाढते. म्हणजे त्या संध्याकाळी बेथानीचे घर ज्या वासाने भरले, तो आपल्याच पर्वतांतून उंटांच्या आणि गलबतांच्या वाटेने तिथवर गेलेला होता. त्या तेलाच्या किमतीवरून तिथे वाद झाला, हेही वाचकांस ठाऊक आहे. किमतीकडे आम्ही नंतर वळू.

आता बकुळीविषयी. कोकणात तिला ओवळ म्हणतात, गोव्यात ओंवळां, उत्तरेत मौलसिरी. झाड मोठे, सावली दाट, आणि फूल इतके लहान की झाडावर ते दिसतच नाही. पहाटे जमिनीवर पडलेला मळकट पांढऱ्या चांदण्यांचा सडा पाहूनच झाड फुलल्याचे कळते. ही फुले कोणी खुडत नाही, वेचतात. संस्कृत कवींचा एक संकेत असा, की सुंदर स्त्रीने मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते. सेमिनरीत हा संकेत शिकवताना आमच्या वृद्ध प्राध्यापकांनी दोनदा घसा खाकरला होता आणि पुढील श्लोकाकडे प्रस्थान ठेवले होते. असो. बकुळीचा खरा विशेष असा, की बहुतेक फुलांचा वास फुलाबरोबर मरतो, हिचा मरत नाही. मोगरा दुसऱ्या दिवशी कुबट होतो, जाई काळी पडते. बकुळीचा गजरा वाळून तपकिरी झाला, कुरकुरीत झाला, तरी त्याला वास असतोच. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत प्रार्थनापुस्तकाच्या पानांत किंवा लग्नाच्या साडीच्या घडीत हे गजरे वर्षानुवर्षे राहिलेले आम्ही पाहिले आहेत. रसायनशास्त्रज्ञांना बकुळीच्या वासात फेनिलइथाइल अल्कोहोल सापडले. गुलाबाला त्याचे गुलाबपण देणारे द्रव्यही हेच. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

फुलातून अत्तर काढण्याची कनौजची पद्धत अशी. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात आणि खाली मंद जाळ ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका म्हणजे पाण्याच्या हौदात बसवलेले लांब मानेचे तांब्याचे भांडे. त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ थंड होते, पाणी खाली बसते आणि वास तेलात राहतो. पाणी काढून टाकून पुन्हा ताजी फुले, पुन्हा जाळ, असे कित्येक दिवस चालते. तेव्हा जुन्या रीतीच्या बकुळीच्या अत्तरात आकारमानाने जवळजवळ सर्वच चंदन असते. बकुळ त्याने पिऊन घेतलेली असते. पुस्तकाच्या भाषेत बोलायचे, तर इथे मजकुरापेक्षा कागद महाग आहे.

परीक्षणासाठी आम्ही काही नियम पाळले. स्नान बिनवासाच्या साबणाने, पावडर नाही, अत्तर काचेच्या काडीने डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूस, एकच थेंब. मनगटावर मनगट चोळायचे नाही, कारण चोळल्याने ऊब वाढते आणि हलकी द्रव्ये एकदम उडून जातात. नाक आधी वीतभर अंतरावर, मग जवळ. मधून मधून स्वतःच्या कोपरावरील कापडाचा वास घ्यायचा, म्हणजे नाक ताळ्यावर येते. हा प्रयोग डिसेंबरात केला आणि जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, पुन्हा केला.

प्रथम मुंबईची कुपी. यात मद्यार्क नसल्याने विलायती सेंटसारखा पहिल्या क्षणीचा झणका यात नाही. पहिली पाच मिनिटे तर निराशेचीच आहेत. नुकत्याच तासलेल्या, किंचित ओल्या लाकडाचा वास; त्यावर ओशटपणाची एक साय; आणि तळाशी, तांब्याच्या तांब्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यासारखे काहीतरी. दुकानात बाटली हुंगून 'नको' म्हणणारे गिऱ्हाईक याच टप्प्यावर परत फिरते. त्वचेचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असते आणि तेल त्या उबेला यायला वेळ घेते. दहाव्या मिनिटाच्या सुमारास बकुळ येते. पण ती झाडाखालची, दवाने ओली बकुळ नव्हे. ती साडीच्या घडीतली बकुळ. मनुका, जुन्या पुस्तकाची शिवण, वेदीवरच्या मेणबत्तीचे विझतानाचे मेण, असे एकामागून एक आठवत जाते. यानंतरचा तास या अत्तराचा सर्वोत्तम तास आहे. गोडवा हळूहळू दाट होत जातो, पण लाकूड त्याला सुटू देत नाही. गोडाच्या पदार्थात चिमूटभर मीठ जे काम करते, ते इथे चंदनाचा कोरडेपणा करतो.

दुसऱ्या तासापासून फूल मागे सरते आणि चंदन पुढे येते. मात्र हे चंदन अगरबत्तीचे नव्हे. सहाणेवर उगाळलेल्या खोडाचा, सायीसारखा, अंगाला धरून राहणारा हा वास. चंदनतेलाचा हा गुण सॅन्टॅलॉल नामक द्रव्यांमुळे येतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार भारतीय चंदनतेलात अल्फा-सॅन्टॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सॅन्टॅलॉल १६ ते २४ टक्के असावे लागते. ही द्रव्ये जड असतात, सावकाश उडतात आणि आपल्याबरोबर फुलाच्या हलक्या द्रव्यांनाही धरून ठेवतात. पाचव्या तासाला वास घेण्यासाठी नाक मनगटाला टेकवावे लागते. शेजारच्या माणसाला तो येत नाही, आपल्याला येतो. रात्री झग्याच्या बाहीवर तेवढा एक पुसट डाग उरतो. जूनमध्ये हे सारे अधिक ठळक झाले. दमट हवेत वास जड होतो आणि पोहोचतोही, हे कोकणातल्या माणसाला निराळे सांगायला नको.

'मधाळ' या शब्दाशी मात्र आमचा थोडा वाद आहे. मध म्हणजे कोणता मध? पेणच्या बाजारात उन्हाळ्यात कातकरी बांधव रानातला मध बाटल्यांत भरून आणतात. तो पोळे पिळून काढलेला असतो. त्यात मेण असते, पराग असतो, धुराचा अंशही असतो. तो जिभेवर गोड आणि घशात किंचित तिखट लागतो. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध कडवटपणाकडे झुकतो. सात-आठ वर्षांनी कारवी फुलते त्या साली सह्याद्रीत जो मध निघतो, तो काळसर आणि दाट असतो. शहरातल्या दुकानातील गाळलेला मध यांपैकी कशासारखाच नसतो. तो रंग असलेला साखरेचा पाक वाटतो. बाप्तिस्ता योहानाने खाल्लेला रानमध यांपैकी कोणाच्या जवळचा होता, हे सांगायची आमची छाती नाही. पण गाळलेला खचितच नसावा. मुंबईच्या कुपीतला मध आमच्या मते पिळलेल्या पोळ्याचा मध आहे.

याला एक दुसरी बाजूही आहे. अत्तरकारांच्या शास्त्रात मधाचा वास देणारे एक प्रमुख द्रव्य म्हणजे फेनिलअॅसेटिक आम्ल. ते अगदी विरळ असेल तर मध. थोडे अधिक झाले की तबेला. गोड वासांच्या तळाशी बहुधा असे काहीतरी प्राणिज दडलेले असते, आणि ते नसेल तर गोडवा पोरकट वाटतो. या अत्तरात, विशेषतः पाऊण तासाच्या सुमारास, ही सीमारेषा अगदी जवळ येते. आम्हांस ते आवडले. आमच्या धर्मग्रामाच्या सचिवांनी खिडकी उघडली.

पेणची कुपी आम्ही रेल्वेने रोह्याला जाताना वापरली; दिव्याहून सुटणारी ही गाडी पेण, कासू, नागोठणे, निडी अशी थांबत रोह्यास पोचते. पेणला फलाटावर थेंब लावला आणि डब्यात बसेपर्यंत चार माणसांनी माना वळवल्या. याला मराठीत घमघमाट म्हणतात. बकुळ अगदी रेखीव. इतकी की बकुळीलाही आपण एवढ्या बकुळ आहोत याचे नवल वाटावे. त्यामागे गोडवा, खोकल्याच्या औषधातल्या मधासारखा. त्याही मागे स्वच्छ, कोरडे, पॉलिश केलेले लाकूड. कासूला हेच होते. अंबा नदीच्या काठी नागोठण्याला हेच, निडीला हेच आणि कुंडलिकेच्या काठी रोह्याला उतरलो तेव्हाही अक्षरशः हेच. या अत्तराला पहिले वाक्य आहे आणि तेच शेवटचे आहे. दुसऱ्या दिवशी स्नानानंतरही मनगटाला ते होते. दुकानदार खोटे बोलला नव्हता.

नागोठण्याजवळ पेट्रोरसायनांचे मोठे संकुल आहे आणि तिथून जाताना हे सुचणे स्वाभाविक होते, की आजच्या स्वस्त अत्तरांतील बरेचसे द्रव्य अशाच कुळातले असते. चंदन परवडेना तेव्हा द्रव पॅराफिन किंवा डायइथाइल थॅलेट हे आधार म्हणून आले, आणि चंदनाचा वास कारखान्यात बनवलेल्या द्रव्यांनी द्यायला सुरुवात झाली. कृत्रिम म्हणजे वाईट असे आम्ही म्हणणार नाही. १८६८ मध्ये विल्यम पर्किनने कुमारिन बनवले, १८७४ मध्ये व्हॅनिलिन बनले, आणि त्यानंतर पश्चिमेतील जी थोर सुगंधरचना झाली ती या द्रव्यांच्याच बळावर. शिवाय एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. देगेत फूल उकळते, शिजते. झाडाखाली पहाटे वाकल्यावर जो पहिला श्वास मिळतो तो त्या उकळीत टिकत नाही. तो श्वास पेणच्या कुपीत मुंबईच्या कुपीपेक्षा अधिक खरा आहे, भले तो प्रयोगशाळेतून आलेला असो. आमची तक्रार द्रव्याविषयी नाही, रचनेविषयी आहे. सारे वासच एका उंचीवर, एका आवाजात. ज्याला विसावा नाही असे प्रवचन श्रोत्यांना कसे वाटते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

आता रोह्याच्या एका भगिनीविषयी, कारण या दोन कुप्यांचा खरा कस तिथे लागला. त्या निवृत्त शिक्षिका. सारे त्यांना बाई म्हणतात, आम्हीही. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांना कोविड झाला. ताप गेला, खोकला गेला, पण वास परत आला नाही. प्रारंभी कोणीच ते मनावर घेतले नाही. जीव वाचला, मग वासाचे काय एवढे? पण बाई एकट्या राहतात. दोनदा दूध उतू जाऊन करपले ते त्यांना धूर दिसल्यावर कळले. गॅसचे बटण बंद आहे की नाही हे त्या रात्री तीन-तीनदा उठून पाहात. 'फादर, सुकट भाजल्याचा वास येत नाही तर मी कोकणात आहे हे मला कळावे कसे?' असे त्यांनी आम्हांस हसत विचारले, पण ते हसू फार टिकले नाही. पुढे काही महिन्यांनी वास परत येऊ लागले ते वेडेवाकडे. कॉफीला जळक्या रबराचा, कांद्याला कुजल्याचा. त्या वर्षीच्या नाताळात त्यांनी घरी काही तळले नाही.

डॉक्टरांनी त्यांना नाकाचा व्यायाम सांगितला. जर्मनीत ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ही पद्धत रूढ झाली: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, लक्ष देऊन, निदान बारा आठवडे हुंगायचे. येणार नाही हे ठाऊक असूनही हुंगायचे, आणि तो वास पूर्वी कसा होता हे मनात आणायचे. बाईंना आधी लवंग आली, मग लिंबू. गुलाब काही येईना. त्या अभ्यासात गुलाबासाठी वापरलेले द्रव्य म्हणजे तेच फेनिलइथाइल अल्कोहोल, जे बकुळीतही आहे. म्हणून आम्ही या दोन्ही कुप्या त्यांच्याकडे ठेवल्या.

पहिल्याच आठवड्यात पेणच्या कुपीने काम केले. बकुळ म्हणून नव्हे. 'काहीतरी आहे' एवढेच. पण कित्येक महिन्यांत प्रथमच एखादे फुलासारखे काहीतरी जळके न वाटता आले, असे त्या म्हणाल्या. मुंबईची कुपी मात्र त्यांना कोऱ्या पाण्यासारखी होती. महिनाभर, दोन महिने, काही नाही. हा अनुभव परीक्षकाने दडवून ठेवणे बरे नव्हे. ज्या घमघमाटाला आम्ही एकसुरी म्हटले, तो बंद दारावर ठोठावायला उपयोगी पडला. जी रचना आम्ही नाजूक म्हणून वाखाणली, तिची हाक त्या दारापर्यंत पोचलीच नाही.

पावसाळा सरता सरता एके दिवशी त्यांनी मुंबईची कुपी पुढे केली आणि सांगितले, 'फादर, तुम्ही याला मध म्हणता. मला हे मेण वाटते. मध जिभेवर असतो. हा वास बोटांना लागतो.' आम्ही कुपी घेतली, पुन्हा मनगटाला लावले आणि तासभर त्यांच्या ओटीवर बसलो. आम्ही अजूनही मधावर ठाम आहोत. पण मेणाचा मुद्दा खोडून काढता येत नाही, हेही खरे. गोडवा आणि लाकूड यांना जोडणारा जो मधला भाग आहे, तो धड गोड नाही आणि धड लाकूडही नाही. त्याला बाईंचा शब्द अधिक लागू पडतो. वर्षभर ज्या नाकाला काहीही आले नाही, त्याने एकेक वास पुन्हा ओळख करून घेत मिळवला होता. आमच्यासारख्यांचे नाक आयते चालणारे. ते शब्दांच्या बाबतीत आळशी असते. खमंग, करपट, ओशट, कुबट, खवट, कोंदट, दर्प, दरवळ, परिमळ इतके शब्द मराठीत असताना आपण 'चांगला वास' आणि 'घाण वास' या दोनांवर दिवस काढतो. बाई तसे करीत नाहीत. त्यांना दोन शब्दांत भागवणे परवडले नाही.

राहता राहिली किंमत. चंदनाचे तेल आज किलोला लाखाहून अधिक रुपयांना विकले जाते. याची कारणे झाडातच आहेत. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड; त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून पोषण घेतात, म्हणून ते एकटे वाढत नाही. वास असतो तो आतल्या गाभ्यात, आणि गाभा धरायला निदान पंधरा-वीस वर्षे लागतात. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले, १९१६ मध्ये म्हैसूरला सरकारी चंदनतेल कारखाना निघाला आणि कर्नाटकात २००१ पर्यंत खासगी जमिनीतले चंदनही सरकारचे मानले जाई. ज्या झाडावर आपला हक्क नाही आणि ज्याची चोरी झाली तर संशय मात्र आपल्यावर, ते झाड शेतकरी कशाला जोपासील? झाडे गेली, चोरटी तोड वाढली, भाव चढले. आणि कनौजच्या भपक्यात चंदनाच्या जागी पॅराफिन आले ते या वाटेने.

तेव्हा मुंबईच्या कुपीची किंमत अवाजवी नाही. पण ती आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांच्या ऐपतीबाहेरची आहे. बेथानीच्या त्या घरी तेलाची किंमत तीनशे दिनार काढली गेली, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. ते पैसे गरिबांना का दिले नाहीत, हा प्रश्न ज्याने विचारला त्याचा हेतू शुद्ध नव्हता, असे योहान सांगतो. प्रश्न मात्र आजही विचारला जातो आणि विचारला जावा. मुलीच्या लग्नात सर्व पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावण्याची हौस ज्यांना आहे, त्यांना आम्ही पेणची कुपीच सुचवू. गर्दीत, फुलांच्या हारांत आणि बिर्याणीच्या वाफेत नाजूक अत्तर हरवते. तिथे मोठा आवाजच लागतो. दोन-चार थेंबांची खरी अत्तराची कुपी घ्यायची असेल, तर ती एका माणसासाठी घ्यावी आणि ती कोणासाठी, याचा आधी विचार करावा.

एका बाबतीत मात्र आम्ही दोन्ही विक्रेत्यांना दोष देऊ. 'शुद्ध' हा शब्द दोन्ही कुप्यांवर आहे आणि दोन्हींवर तो निरर्थक आहे. पेणच्या कुपीत चंदन नाही, हे मनगट सांगते. मुंबईच्या कुपीत चंदन आहे, पण ते किती आणि कोठले, हे कुपी सांगत नाही. औषधाच्या बाटलीवर आपण जे वाचल्याशिवाय राहात नाही, ते अंगाला लावायच्या तेलावर का नसावे? रोहा-अष्टमीतील आमच्या एका मुसलमान स्नेह्यांकडे घराण्यात तीन पिढ्या ईदला अत्तर वाटले जाते. ते दुकानात जाताना पांढऱ्या कागदाची एक पट्टी नेतात, तिच्यावर थेंब टाकतात, पैसे देत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जातात. पट्टीवर रात्रीत काय उरले यावरून ते ठरवतात. दुकानदार त्यांना ओळखतात आणि पहिल्यांदाच चांगली कुपी काढतात.

ज्यांना मुंबईची कुपी मिळेल त्यांनी ती उन्हापासून दूर, कपाटात ठेवावी. चंदनाचे अत्तर वर्षागणिक अधिक गोलवा धरते. बूच काचेचे असते आणि बहुधा सैल असते, म्हणून कुपी आडवी ठेवू नये. पांढऱ्या कापडाला थेंब लागू देऊ नये, पिवळा डाग जात नाही. आमची मुंबईची कुपी निम्म्यावर आली आहे. पेणची बाईंनी ठेवून घेतली. रोज सकाळी चहा ठेवण्यापूर्वी त्या ती एकदा हुंगतात आणि मग गॅस पेटवतात.